सप्टेंबरात २४ डिग्रीला कार्ब्युरेटरमधे बर्फ? भावाच्या अपघाताबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कोणी पायलट किंवा विमानाचे इंजिनिअर असतील तर प्लीज वाचा, जरा मोठं झालंय.

माझा धाकटा भाऊ महाराष्ट्रातच फ्लाइंग शिकतोय, सेसना १५२ वर. मागच्या सप्टेंबरात सोलोला (एकटाच विमान उडवत) असताना इंजिनची पॉवर गेली आणि त्याला सोयाबीनच्या शेतात उतरावं लागलं. पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला, ह्याचा घोटा फ्रॅक्चर. जीव वाचला, बाकी काही नको. पण नंतर विमान हँगरला आणून दुसरा प्रोपेलर लावून चालवलं तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! टाकीत पेट्रोल होतं, त्यात पाणी नव्हतं. तेव्हापासून सगळे म्हणतात पोरगा घाबरला, त्यानेच काहीतरी चुकीचं ओढलं असणार.

तो सांगतो ते असं, की सकाळी पाऊस थांबून हवा दमट होती, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरायला लागले, त्याला वाटलं थ्रॉटल (पॉवरचा नॉब) सरकला असेल म्हणून थोडा पुढे केला तर ते परत जागेवर आले. मग खाली यायला पॉवर कमी केली आणि इंजिन अडखळायला लागलं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा देणारा नॉब) ओढली तर आणखी थडथडायला लागलं, आरपीएम अजून पडले, त्याला वाटलं आपण बिघडवलं, म्हणून नॉब परत आत ढकलला. मग काही राहिलंच नाही.

मी तेव्हापासून ह्यावर वाचतोय. माठातलं पाणी जसं झिरपून गार होतं तसं कार्ब्युरेटरमधे पेट्रोलची वाफ होताना हवा गार पडते, शिवाय चिंचोळ्या जागेत दाब कमी होतो तो वेगळाच, दोन्ही मिळून तापमान ३० डिग्रीने सुद्धा खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर २४ असलं तरी आत बर्फ. आणि हीट ओढल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जातं म्हणून ते आधी थडथडतं, तेव्हाच धीर धरून ती पूर्ण ओढलेली ठेवायची असते. अपघातानंतर बर्फ वितळून जातो, पुरावा काय राहणार?

अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या विमान नियामक संस्थेचं) २००९ चं एक बुलेटिन आहे, त्यात तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं) ह्यांचा तक्ता आहे. त्या दिवशी दवबिंदू २२ होता असं भाऊ म्हणतो, तक्त्यात ते कमी पॉवरला गंभीर आयसिंगच्या (बर्फ धरण्याच्या) भागात येतं. पण ऐकीव आकडा चौकशीत कोण धरणार, त्या तासाची जुनी नोंद हवामान खात्याकडून मिळवायला अर्ज कसा करायचा? आणि असा तक्ता चौकशीत कोणी जोडलाय का?

दुसरं म्हणजे ज्यांनी हे स्वतः हवेत अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा, हीट ओढल्यावर इंजिन सुधारायला किती वेळ लागला? भाऊ रात्री उठून मला एवढंच विचारतो, दादा, मी अजून किती सेकंद थांबायला हवं होतं?