वय ३७, फाउंड्रीतला १४ वर्षांचा अनुभव: परदेशात एमबीए करावं की एमएस्सी?

करवीरकन्या:
नमस्कार. मेकॅनिकल करून १४ वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात) आहे, सध्या क्वालिटी विभाग माझ्याकडं आहे. नवरा हायस्कूलला शिक्षक, मुलगी दुसरीत.

परदेशी पदवीचं मनात का आलं ते सांगते. मागच्या वर्षी जर्मनीहून गिऱ्हाईक आलं होतं. पंप हाउसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या ओतीव कवचात, ब्लोहोल (गॅस अडकून पडलेली भोकं) निघत होते. मी कापलेला तुकडा टेबलावर ठेवला, साच्याच्या वाळूत ओलावा कुठं वाढला, गॅस कुठं अडकला ते बोटानं दाखवलं. दोन तासांत त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी विचारलं, स्क्रॅपचे (भट्टीत वितळवायच्या भंगाराचे) भाव दर महिन्याला हलतात, युरोही हलतो, तर तीन वर्षांचा भाव कसा बांधून देणार? मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि मला काहीच सांगता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

एका कन्सल्टंटकडं गेले. त्यानं अर्ध्या तासात इंग्लंडची मॅनेजमेंटची एमएस्सी सुचवली, "जीमॅट (मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा) लागत नाही, फॅमिलीलाही घेऊन जा" म्हणाला आणि २५ हजार आगाऊ मागितले. मी दिले नाहीत. साठवलेले १८ लाख आहेत. वडिलांचं उचगावचं घर तारण ठेवायची इच्छा नाही. काय करावं?

पंचगंगा_ते_नेकार:
ताई, पैसे दिले नाहीत ते फार बरं केलंत. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये एमबीए काय, एमएस्सी काय, अशा अभ्यासक्रमांना नवरा-मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तसली एमएस्सी मी ३२ व्या वर्षी केली, म्हणून कळकळीनं लिहितोय. वर्गात सगळी २२-२३ ची मुलं. ग्रुप प्रोजेक्टला मी शॉपफ्लोअरवरच्या गोष्टी सांगायचो, पण त्यातल्या बहुतेकांनी कारखाना आतून बघितलेलाच नव्हता. कॅम्पसवर आलेल्या कंपन्यांना फ्रेशर हवे होते, माझ्या ९ वर्षांच्या अनुभवाबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. तो अभ्यासक्रम मुळात नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी असतो.

एक वर्षाचा एमबीए तुम्हाला जवळचा. फ्रान्सच्या इन्सियाड या बिझनेस स्कूलचा १० महिन्यांत होतो, पण तिथं सरासरी वय २९ आणि फी लाख युरोच्या घरात. ऑक्सफर्डची ७५ हजार पौंडांच्या वर. तुमच्याएवढं काम केलेल्यांसाठी वेगळे वर्गही आहेत: एमआयटीचा स्लोन फेलोज, लंडन बिझनेस स्कूलचा स्लोन, स्टॅनफर्डचा एमएसएक्स (याला किमान ८ वर्षांचा अनुभव लागतो). तिथं शेजारी बसलेला माणूसही विभाग सांभाळून आलेला असतो, हे मोठं सुख. पण १८ लाखांत यातलं काहीच बसत नाही, आणि एवढ्या मोठ्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतातच.

गिऱ्हाईक जर्मन आहे तर जर्मनीचा विचार करा. पुरेसे पैसे आणि घर दाखवलं तर कुटुंबाला नेता येतं, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तेही एकट्याचे, आणि फी वेगळी. शिवाय जर्मन भाषा आलीच पाहिजे. वर्ग इंग्रजीत चालतात, पण प्लँटमध्ये फोरमन इंग्रजीत बोलत नाही.

उद्यमनगरचा_जुना:
पोरी, मी ४० वर्षं कास्टिंग विकली. त्या पाव्हण्याच्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. तीन वर्षांचा एकच भाव कुणी बांधून देत नाही. मूळ भाव ठरवायचा, आणि स्क्रॅप-पिग आयर्नच्या (कच्च्या लोखंडाच्या) ठरलेल्या निर्देशांकानुसार दर तिमाहीला फरक घ्यायचा-द्यायचा, हे कलम करारात घालायचं. युरोसाठी बँकेकडून फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घ्यायचा. एखाद्या चांगल्या कॉस्ट अकाउंटंटपाशी तीन महिने बसलीस तर हे सगळं येईल. त्यासाठी घर गहाण टाकू नकोस.

आता खरा प्रश्न. शिकून शिरोलीला परत येणार, की तिकडंच राहणार? परत येणार असशील तर आधी मालकांना विचार. एक्झिक्युटिव्ह एमबीएला नोकरी सोडावी लागत नाही, काही आठवड्यांनी एकदा जायचं, आणि कंपनी फीचा वाटा उचलू शकते. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायचं तर अहमदाबाद आयआयएमचा पीजीपीएक्स, हैदराबादची आयएसबी, दोन्हीकडं एक वर्षात होतं. परदेशच हवा हा हट्ट आधी तपासून बघ. तिकडं राहायचं असेल तर मात्र वर लिहिलेल्या पंचगंगावाल्याचं ऐक.

करवीरकन्या:
काका, तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं आणि आज सकाळीच आमच्या कॉस्टिंगवाल्यांना दाखवलं. त्यांनी जुना करार काढला, त्यात असं कलमच नाही!

तुमच्या प्रश्नावर रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोललो. मला परत यायचंय. मला हाच प्लँट चालवायचाय, दुसरीकडचा नाही. म्हणजे एमएस्सी सुटली, आणि वर्षभर घर सोडून जाणंही. उरला एक्झिक्युटिव्ह एमबीए. जीमॅट मात्र द्यायचीच. आता सव्वादोन तासांची झालीय आणि स्कोअर ५ वर्षं चालतो, तर तयारी वाया जाणार नाही. दादा, जर्मनचा क्लासही लावतेय, गिऱ्हाईक तर तेच राहणार आहे.

सोमवारी मालकांना भेटतेय. फी कंपनीनं भरली तर किती वर्षांचा बाँड (तितकी वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) मान्य करावा, कुणाचा अनुभव असेल तर त्याआधी सांगा.

उद्यमनगरचा_जुना:
दोन वर्षं ठीक. तीनच्या वर सही करू नकोस. आणि मधेच सोडलं तर किती रक्कम भरायची, तो आकडा कागदावर लिहून घे.