कानशीने धार लावूनही चेनसॉचा काप वाकडा का जातो?

प्रश्न
नमस्कार. माझ्या चेनसॉला ३/८ इंच पिचची (म्हणजे कड्यांमधील अंतराची) लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या दातांची साखळी आहे. तिला मी घरीच ४ मिलिमीटरच्या गोल कानशीने धार लावतो आणि कानशीवर ३० अंशांच्या रेषा कोरलेला पत्र्याचा गाइड बसवतो. दातांच्या कडा चकचकीत दिसतात, तरीही करवत दाबल्याशिवाय ओंडक्यात उतरत नाही, ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडतो आणि जाड ओंडक्यात काप हळूहळू उजवीकडे वळतो. कोन तर गाइडमुळे सांभाळला जातो. मग दोष नेमका कशात असावा? नवी साखळी घेण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १
आपण दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत आणि त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत.

प्रत्येक दातापुढे एक बोथट उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल शिरेल, हे तोच ठरवतो. दाताचा माथा मागच्या बाजूला उतरता असल्यामुळे कानस मारून दात जसजसा आखूड होतो तसतशी त्याची धार खालीही येते, उंचवटा मात्र जिथल्या तिथे राहतो. आपल्या साखळीत या दोहोंमध्ये साधारण ०.६५ मिलिमीटरचा फरक लागतो. तो मिटला की दात कितीही धारदार असला तरी लाकूड नुसते खरवडत राहतो. म्हणून तीन-चार वेळा धार लावून झाली की गेजची पट्टी (उंचवटा मोजण्यासाठी खाच असलेली धातूची पट्टी) टेकवून पाहावी, खाचेतून वर आलेला भाग चपट्या कानशीने घासावा आणि उंचवट्याचा पुढचा कोपरा पुन्हा गोलसर करावा. करवत चपळ व्हावी म्हणून जास्त घासण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग दात लाकडात रुततात, झटके बसतात आणि करवत उसळण्याचा धोका वाढतो.

काप वळतो तो ज्या बाजूचे दात लांब किंवा अधिक धारदार असतात त्या बाजूला. दोन्ही बाजूंना हात सारखा चालणारी माणसे थोडीच, आणि त्यावर गाइडचाही फारसा इलाज चालत नाही. कॅलिपरने सर्वांत आखूड दात शोधा आणि बाकीचे दात त्याच लांबीवर आणा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण कानशीच्या उंचीचा उल्लेख राहिला. कानशीच्या व्यासाचा सुमारे पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहायला हवा. कानस खाली दबली तर दाताला आकड्यासारखे टोक येते, जे सुरुवातीला झपाट्याने कापते आणि लवकर बोथट होते. कानस वर राहिली तर धार मागे झुकते आणि दात लाकडावरून घसरतो. पत्र्याचा गाइड दातावर नीट टेकला नाही तर ही उंची बिघडते, म्हणून नवशिक्याने साखळीवर बसणारा रोलर गाइड वापरावा असे माझे मत आहे. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाबावी आणि मागे घेताना उचलावी. घासताना साखळी ताणलेली व बार (ज्या पात्याभोवती साखळी फिरते ते) व्हाइसमध्ये घट्ट असावा, हातमोजे घालावेत आणि त्याआधी स्पार्क प्लगची वायर किंवा बॅटरी काढून ठेवावी.

प्रतिसाद ३
सगळे दात एका लांबीचे करण्याचा आग्रह मला थोडा अतिरेकी वाटतो. दगडाला लागून एकच दात खराब झाला, तर त्याच्यापायी साऱ्या साखळीचे आयुष्य कमी करायचे का? प्रत्येक उंचवटा त्याच्याच दाताच्या उंचीवरून मोजणारी गेजपट्टी वापरली, तर एखादा आखूड दातही आपला वाटा उचलतो. एका बाजूचे सगळेच दात आखूड असतील, तर गोष्ट वेगळी.

त्याआधी बारही तपासा. साखळी काढून बार सपाट फरशीवर त्याच्या कडेवर उभा करा. तो एकीकडे कलला तर साखळी ज्यात धावते त्या बारच्या खाचेच्या दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या नाहीत, आणि अशा बारवर नवीन साखळीही वाकडीच कापेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. बार सरळ उभा राहतो. कॅलिपरने पाहिले तर डाव्या बाजूचे सगळे दात उजव्यांपेक्षा स्पष्टपणे आखूड आहेत. माझी गेजपट्टी लांब असून एका वेळी अनेक दातांवर टेकते. ती आत्ताच वापरली तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही. अशी पट्टी शेजारच्या उंच दातांवर तोलली जाते, त्यामुळे आखूड दातापुढचा उंचवटा प्रत्यक्षात वर आलेला असूनही खाचेत बुडालेला दिसतो. आपल्या साखळीत एक बाजूच आखूड असल्याने आधी उजवे दात डाव्यांच्या लांबीवर आणा आणि मगच पट्टी टेकवा. डाव्या दातांची लांबी जेमतेम उरली असेल, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरपेक्षा कमी, तर मात्र हा खटाटोप न करता साखळी बदलावी.