पॅलेस्टाईनमधल्या जुन्या घरांच्या नोंदी करून नेमकं काय वाचतं?

मृण्मयी_आर्क: चौथ्या वर्षाला आहे, सेमिनारला पॅलेस्टाईनमधल्या ऐतिहासिक इमारतींचं डॉक्युमेंटेशन घेतलंय. पण गाझातली ग्रेट ओमारी मशीद डिसेंबर २०२३ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, मग प्लॅन-सेक्शन (आडवा नकाशा आणि उभा छेद) काढून ठेवून उपयोग काय असं सरांनी विचारलं आणि मला उत्तरच देता आलं नाही, दोन दिवस तेच डोक्यात आहे. कोणी सांगेल का?

चुनखडी: उपयोग बॉम्ब पडायच्या कितीतरी आधीपासून आहे गं. तिथे राज्य असलेल्या ब्रिटिशांच्या १९२९ च्या कायद्यात १७०० सालाआधीचं तेवढंच पुरातन धरलं, नंतर वेस्ट बँक ताब्यात असलेल्या जॉर्डनच्या १९६६ च्या कायद्यातही तीच रेघ. म्हणजे ऑटोमन काळातली गावातली दगडी घरं कायद्याच्या लेखी नव्हतीच, कोणी पाडून स्लॅब टाकला तर विचारणार कोण! रामल्लाची रिवाक ही संस्था सुआद अमिरींनी १९९१ ला काढली, त्यांनी १९९४ पासून गावोगाव फिरून ५० हजारांवर इमारती नोंदवल्या, आणि त्या रजिस्टरमुळेच दुरुस्ती आधी कुठे करायची ते ठरवता आलं, ५० गावं निवडली. त्यांच्या बिरझेत गावातल्या कामाला वास्तुकलेचं २०१३ चं आगाखान अवॉर्ड मिळालं. १७०० नंतरच्या वास्तूंना संरक्षण देणारा कायदा यायला २०१८ उजाडलं.

ओळंबा: वरच्याशी सहमत, पण नुसती मापं घेऊन थांबू नका. तिथलं शेतकऱ्याचं जुनं घर बघा, एकच खोली, खालच्या भागात गुरं, पायऱ्या चढून वर मस्तबा म्हणजे ओटा, माणसं तिथे राहायची. वर मातीच्या कणग्या, त्यांना खवाबी म्हणतात, तळाशी छोटं भोक, त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की लागेल तेवढं धान्य खाली. लेझर स्कॅनमध्ये भोक येईल, पण ते कशाला ते घरातली म्हातारीच सांगणार, तिला विचारून ड्रॉइंगवर लिहून ठेवणं हे पण डॉक्युमेंटेशनच. आणि कर्ण मोजायचेच, अशा खोल्या क्वचितच काटकोनात असतात.

चुनखडी: ओमारीचं राहिलंच. तिच्या ग्रंथालयातली बरीच हस्तलिखितं युद्धाआधीच डिजिटाइज झाली होती, त्यामुळे तो मजकूर आज वाचता येतो. सरांना हेच सांग.

मृण्मयी_आर्क: थँक्यू दोघांना! १७०० ची रेघ माहीतच नव्हती, सुरुवात तिथूनच करते. खवाबीचा मापांसकट सेक्शन कोणाकडे असेल तर प्लीज टाका.