कीबोर्डवर कोकम सरबत सांडलं, सगळ्या मात्रा गेल्या, काय करू?

दाभोलीनाका:
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात माझं ऑनलाइन फॉर्म आणि मराठी टायपिंगचं छोटं दुकान आहे. सकाळी एक गिऱ्हाईक आलेलं, त्यांच्या पोराने टेबलावरचा कोकम सरबताचा पेला सरळ कीबोर्डवर उपडा केला. आता पाहुण्याच्या पोराला काय बोलणार. वायर लगेच काढली, उलटा धरून झटकला, फडक्याने पुसला आणि दुपारी लावून बघितला तर डावी बाजू बरीचशी गेलेली. इनस्क्रिप्टवाल्यांना (मराठी टायपिंगची सरकारी कीबोर्ड मांडणी) कळेल, आपल्या मात्रा जवळपास सगळ्या डावीकडे आणि व्यंजनं बहुतेक उजवीकडे, त्यामुळे क, त, प, र सगळं उमटतंय पण काना नाही, वेलांटी नाही आणि हलंताची (अक्षराचा पाय मोडायची) की दाबली की खालीच बसते वर येत नाही. रत्नागिरी लिहायला गेले तर रतनगर येतंय. त्यात स्पेसबार चिकट झालाय.
साधाच वायरवाला कीबोर्ड आहे पण की वर मराठी अक्षरं छापलेली आहेत आणि तसा इथे बाजारात पटकन मिळत नाही, म्हणून वाचवायचाय. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलीय आणि बाहेर धो धो पाऊस. काय करू?

आंबाघाट२:
सोपं आहे ताई. मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आण, कीबोर्डवर ओत, उलटा करून ठेव, तासाभरात उडून जाईल. मी माझ्या रिमोटला असंच केलेलं.

सावर्डेकर:
एवढं कशाला करताय, चारपाचशेला नवीन येतो. वेळेचे पैसे धरा की.

दाभोलीनाका:
@सावर्डेकर मराठी छापलेला असता हातात तर विचारलंच नसतं हो. साध्यावर मी टायपिंग करीन कशीबशी पण क्लासची मुलं पण बसतात ना त्यावर.

निळासमुद्र:
तांदळाच्या डब्यात रात्रभर पुरून ठेवा. तांदूळ पाणी ओढून घेतो. मोबाईलला सगळे हेच करतात.

पेजवाला:
अरे तांदळात कसलो घालतंस, तांदूळ पेजेक ठेव. पाणी सुकला तरी साखर खंय जातली? आणि तांदळाचो पिठूळ कोंडो त्या चिकटाक लागलो की मगे मुंगयेंचो बाजार भरतलो. माझ्या काकांच्या दुकानात कीबोर्डाखालसून लाल मुंगयेंची रांग जाय, वर माणूस टायपिंग करता आणि खाली तेंचा वेगळाच कारखाना.

सोल्डरमास्तर:
कुडाळला रिपेरिंग करतो, थोडं सविस्तर लिहितो कारण वर दोन सल्ले असे आलेत की ज्याने ताईंचा कीबोर्ड नक्की जाईल.

पहिलं म्हणजे तो परत लावून बघू नका. ओला असताना त्यातून वीज वाहिली की आतल्या चांदीच्या शाईच्या रेषा काळ्या पडतात, आणि एकदा रेष खाल्ली गेली की मग धुऊन काही उपयोग नसतो.

आता स्पिरिट. कोणीही काहीही सांडलं की स्पिरिट ओता म्हणतात. चहा असो सरबत असो, त्रास पाण्याचा नसतो, साखरेचा असतो, आणि साखर स्पिरिटमध्ये विरघळत नाही. घरी करून बघा, वाटीत आयसोप्रोपिल (साफसफाईचं स्पिरिट, आयपीए म्हणतात ते) घ्या आणि चमचाभर साखर टाका, ढवळून ढवळून हात दुखेल पण साखर तळाशी तशीच. तेच १०० मिली साध्या पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास साखर जिरते. म्हणून सरबताला औषध पाणीच, स्पिरिट नंतर, तेसुद्धा फक्त राहिलेलं पाणी लवकर उडावं म्हणून. उलट आधी स्पिरिट ओतलं तर पाणी उडून जातं आणि साखर आत घट्ट बसते. आणि ताईंच्या बाबतीत अजून एक, त्यांची अक्षरं छापील आहेत, स्वस्तातली छपाई असेल तर स्पिरिटच्या बोळ्याबरोबर ती निघून येते. ज्यासाठी कीबोर्ड वाचवायचाय तेच जायचं. नेलपॉलिश रिमूव्हर तर घरात असलं तरी हात लावू नका, बहुतेकांत अॅसिटोन असतं, प्लास्टिक वितळतं.

पाणी कुठलं घ्यायचं तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरवाल्याकडे कॅन मिळतो. मागताना पाणी म्हणूनच मागा, त्याच दुकानात अॅसिडचे पण कॅन असतात. विहिरीच्या पाण्याने सुरुवातीचं धुणं झालं तरी चालेल पण विहीर खाडीकडची आणि मचूळ असेल तर अजिबात नको, मीठ आत राहिलं की साखरेपेक्षा वाईट.

आता काम. आधी मोबाईलवर कीबोर्डचा फोटो काढा, मग सगळ्या की वर उचकटा, बोथट सुरीचं टोक किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर चालेल, लहान की सरळ वर येतात. स्पेस, एंटर आणि शिफ्टखाली तार असते, त्या झटका देऊन ओढू नका, एका बाजूने हळू सोडवा नाहीतर तारेचा हूक तुटतो. निघालेल्या की कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा. कोमट म्हणजे हात घालता येईल इतकं, उकळतं नको, की वाकड्या होतात.

मग मागचे स्क्रू. एखादा स्टिकरखाली लपलेला असतो, बोट फिरवून खळगा लागतो का बघा. आत रबरची चादर असेल किंवा सुटे रबरी टोपडे असतील (सुटे असतील तर ताटलीत काढा, उडतात), आणि त्याखाली प्लास्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्यावर रेषा, मधला नुसता भोकांचा. सरबत या पापुद्र्यांच्या मधे ओढलं जातं, वरून कितीही पुसा तिथे फडकं पोचत नाही. ते वेगळे करून ओल्या मऊ कापडाने, चोळायचं नाही, टिपायचं. कडेने चिकटवलेले असतील तर फाडू नका, तसेच डिस्टिल्ड पाण्यात बुडवून हलवा, पाणी बदला, परत हलवा. कोपऱ्यातला छोटा हिरवा बोर्ड मात्र आधी सोडवून बाजूला ठेवा.

आंबाघाट२:
मास्तर पण मोबाईलवाले तर सगळे आयपीएनेच साफ करतात की?

सोल्डरमास्तर:
@आंबाघाट२ करतात, पण ते बोर्डावर सोल्डरिंग करताना लावलेला चिकट फ्लक्स काढायला किंवा पाण्यात पडलेल्या फोनमधलं पाणी हटवायला. तिथे बरोबरच आहे. आणि मेडिकलच्या स्पिरिटमध्ये पाणी बरंच मिसळलेलं असतं हेही आहे.

दाभोलीनाका:
मास्तर खूप धन्यवाद. उघडला. सुटे टोपडे होते, अर्धे पलंगाखाली गेले 😅 सगळे सापडले. पापुद्र्यांवर गुलाबी डाग, चिकट, टिपून काढले, पाणी बदलून बदलून. आता सुकवायचं कसं? इथे कपडे चार दिवस वाळत नाहीत.

सोल्डरमास्तर:
तेच खरं अवघड आहे आपल्याकडे. पुण्याचा माणूस लिहितो चोवीस तास वाळवा, इथे जुलैत हवेत इतकी वाफ असते की चोवीस तासात भिंतीला बुरशी येते. तीन गोष्टी करा. पापुद्रे एकमेकांवर न ठेवता दोरीला चिमट्याने टांगा, पंखा चालू ठेवा. दिसणारं पाणी गेलं की मग स्पिरिटचा बोळा फक्त रेषा नसलेल्या जागी आणि भोकांच्या कडेला हलका फिरवा, गॅस बंद आणि खिडकी उघडी ठेवून. नंतर सगळं पत्र्याच्या मोठ्या डब्यात घालून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात, बॅगांत येतात त्या. निळे दाणे असतील तर गुलाबी झाले की समजा भरले, ते तव्यावर अगदी मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. तो तवा भाकरीला वापरू नका म्हणजे झालं. हेअर ड्रायर मारायचाच तर थंड हवेवर. चुलीजवळ, फ्रिजमागे, सगळं नको.

मिठबांव:
आमच्याकडे लॅपटॉपवर सोलकढी सांडली होती वहिनीच्या हातून, तिथे काय फरक पडतो? कोणी सांगितलं सारखंच.

सोल्डरमास्तर:
@मिठबांव सारखं नाही. सोलकढीत आगळ असतं, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, आणि नारळाचं दूध म्हणजे तेल. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि तांब्याला हिरवा गंज चढवतं, तेल पाण्याने निघत नाही, साबणाचं पाणी लागतं. आणि लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या लगेच खाली मदरबोर्ड, तिथे नुसती वायर काढून भागत नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही, आणि उघडून उलटा, तंबूसारखा उभा ठेवा म्हणजे कीबोर्डवरचं खाली ओघळून बाहेर येईल, मदरबोर्डकडे जाणार नाही. थिंकपॅडसारख्या काही मॉडेलना कीबोर्डमधून पाणी खाली सोडायच्या खास वाटा असतात, ते तेवढे नशीबवान. तो चालू करून बघण्यापेक्षा त्याच दिवशी उघडणाऱ्याकडे न्यावा. बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या पॅनलला रिवेट केलेला असतो, धुणं परवडत नाही, बदलावाच लागतो.

निळासमुद्र:
बरं मग तांदळाचं नाव काढत नाही आता 🙏

दाभोलीनाका:
मंडळी, बसवला! पण नवीनच गंमत. मात्रा परत आल्या, हलंत मस्त चालतोय, पण आता म, न, आणि वरच्या ओळीतली एक आणि नंबरपॅडवरची एक, अशा चार जागच्या चार की मेल्यात. काल त्या चांगल्या होत्या. मी काही तोडलं का काय?

सोल्डरमास्तर:
तोडलं नाही. चार जागच्या वाटल्या तरी आतून त्या एकाच रेषेवरच्या असतात. कीबोर्डात प्रत्येक कीला वेगळी तार नसते, आडव्या उभ्या रेषांची जाळी असते, एक रेष सुटली की तिच्यावरच्या सगळ्या की जातात. तुमच्या हिरव्या बोर्डाखाली एक पट्टी स्क्रूने पापुद्र्याच्या बाहेर आलेल्या शेपटीवर दाबून बसवलेली असते, तिथला एक पॉइंट लागत नाहीये. उघडा, शेपटी सरळ बसलीय का बघा, टोकाला पाण्याचा अंश असेल तर कोरड्या कापडाने टिपा, आणि पट्टीचे स्क्रू थोडे थोडे करून सगळे सारखे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर दुसरी बाजू उचलते. कार्बनची काळी जागा असेल ती नखाने खरवडू नका.

दाभोलीनाका:
झालं!! स्क्रू एका बाजूचा ढिला होता. आता सगळ्या की उमटतात. विंडोजच्या स्क्रीनवरच्या कीबोर्डावर एकेक दाबून बघितल्या, दाबलेली की तिथे उजळते.
फक्त स्पेसबार दाबला की करकर आवाज येतो आणि हळू वर येतो, सरबत सांडायच्या आधी असं नव्हतं.

पेजवाला:
करकर म्हणजे तारेर सरबताचो अंश रवलो असतलो. तार काढ, पुस.

सोल्डरमास्तर:
पेजवाला बरोबर. तार पूर्ण काढून पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा, जिथे ती प्लास्टिकच्या हूकमध्ये अडकते तिथल्या दोन्ही खाचा काडीला कापूस लावून स्वच्छ करा. तेल घालू नका, खोबरेल तर मुळीच नाही, धूळ धरतं आणि थंडीत गोठतं. सिलिकॉन ग्रीसचा टिंब, तो पण खाचेतच. कारवाल्याकडे दरवाज्याच्या रबरासाठी मिळतो, थोडा मागून घ्या.

सावर्डेकर:
मी म्हणत होतो नवीन घ्या, पण वाचला ते बरं झालं. आणि दुकानात गिऱ्हाइकांना सरबत देताय ते छान आहे हो, पेला फक्त दुसऱ्या टेबलावर.

दाभोलीनाका:
@सावर्डेकर दुसरं टेबल झेरॉक्सचं आहे 😄 तिथे ठेवायला अजून भीती वाटते. मास्तर, ग्रीस आज आणते, तार काढायला स्क्रूड्रायव्हर लागेल की सुरीनेच होईल?

सोल्डरमास्तर:
सुरी नको, नखाने किंवा जुन्या पेनाच्या टोपणाच्या चपट्या काडीने होईल, हूकच्या बाजूने ढकला.