मदत हवी आहे: ल्वार नदीकाठचे सुरय (टर्न पक्षी) कुठून बघावेत?

नमस्कार मंडळी. सुट्टीत फ्रान्समध्ये ल्वारकाठी, ब्लुआ शहरात आलोय. बायकोला राजवाडे बघायचेत, मला पक्षी. पाणी उतरलंय, वाळूच्या बेटांवर सुरयांची वीण चालू आहे. काल पुलावरून छोटा सुरय दिसला: पिवळी चोच, टोक काळं, कपाळ पांढरं. हवेत एका जागी फडफडत थांबला नि सूर मारून थेट पाण्यात! पण अंतर फार, ८×४२ दुर्बिणीतून पिल्लं काही दिसेनात. विणीच्या काळात बेटांवर उतरायला बंदी आहे, आणि ते योग्यच. भिगवणसारखा पक्षी दाखवणारा नावाडी मला इथे दिसला नाही, म्हणून काठावरूनच बघायचं. ब्लुआ ते ऑर्लेआँ दरम्यान, सायकलने गाठता येईल आणि सकाळचं ऊन पाठीशी राहील अशी जागा कोणी सुचवेल का? शिवाय दरडीत बिळं करणारे युरोपियन वेडे राघू इथे कुठे दिसतील? शनिवारी परतायचंय.