बाबांच्या कादंबरीतल्या दऱ्या कुठे गेल्या?

प्रश्न
बाबांनी २००३ साली डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली कादंबरी सीडीवर सापडली. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. कन्व्हर्टरने युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत) केल्यावर वाचता येतंय, पण ‘दऱ्या’च्या ‘दर्या’ झाल्यात आणि प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद. २८० पानं हाताने नीट करू?

उत्तर १
हाताने? वेड लागेल ताई! आधी कॉपी करून ठेवा. परिच्छेदांमध्ये दोन एंटर असतील तर ‘शोधा-बदला’मधून त्यांच्या जागी ### टाका, मग उरलेल्या एकेका एंटरच्या जागी स्पेस, शेवटी ### चा एंटर. क्रम चुकवू नका. माझा अख्खा कथासंग्रह एका परिच्छेदात गोळा झाला होता.

दऱ्यांचं दुखणं वेगळं. जुन्या फाँटात इंग्रजी अक्षराच्या कोडवर मराठी आकार बसवलेला असायचा. तुमच्या कन्व्हर्टरने बहुधा तो आडवा अर्धा र रफार समजून घेतला. युनिकोडात तो नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य असा लिहितात.

उत्तर २
फक्त ‘र्या’ सरसकट बदलू नका हं. ‘कार्यालय’चं ‘काऱ्यालय’ होतं! एकेक बघत जा.

प्रश्नकर्ती
परिच्छेद दहा मिनिटांत जुळले. ‘र्या’ मात्र एकेक बघतेय, चौथ्या प्रकरणात आहे. ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कोपऱ्यात’... बाबा डोंगरातले, त्यामुळे दऱ्या तर पानोपानी. ते शेजारी बसून चहा पितायत आणि मधेच म्हणतात, “हे वाक्य काढून टाक.”