प्रतिसाद: उकळताना पाणी 'तुटत' नाही

पाणी उकळलं की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, असं वर एकांनी लिहिलंय. अकरावीच्या मुलांना शिकवताना हा गैरसमज मला दरवर्षी भेटतो, म्हणून लिहितोय.

आमच्या कराडकडचं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. खाली चुलवाणात चिपाडं धडधडतायत, वर काहिलीत रस उकळतोय, वाफेचे लोट निघतायत. त्या वाफेत सुटा हायड्रोजन आणि ऑक्सिजन असता, तर एवढ्या जाळापाशी स्फोटच झाला असता! गुळव्या मात्र निवांत मळी काढत असतो, कारण ती वाफ म्हणजे पाणीच आहे.

सुटतात ते रेणू, एकमेकांपासून. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. असे एक मोल बंध (मोल म्हणजे डझनासारखंच मोजायचं एकक, फक्त प्रचंड मोठं) सोडवायला साधारण 20 किलोज्यूल पुरतात. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचा तर तेवढ्याच बंधांना सुमारे 460 लागतात. चिपाडांच्या जाळावर तापलेल्या काहिलीत तो तुटत नाही.

तरी हे 20 किलोज्यूल क्षुल्लक समजू नका. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू (पाण्यासारखाच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक) पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, पण त्यात हे बंध अगदीच दुबळे, म्हणून तो उणे 60 अंशांलाच उकळतो. पाणी 100 अंशांपर्यंत टिकतं. नाहीतर कृष्णा-कोयनेत पाणी राहिलंच नसतं.